निळ्या किटलीची बाई

दोन वर्षं मी पन्नाशीचा इंग्रज होतो. खरं वय अठ्ठावीस, गाव चंद्रपूर, काम एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवण्याचं. तुकूम भागात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, तिथे मी आणि बाबा राहायचो. आई गेली त्याच्या पुढच्याच वर्षी बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि मी त्यांना माझ्याकडे घेऊन आलो. ही गोष्ट दोन हजार तीन ते पाचच्या दरम्यानची. सांगायला बसलं की अजूनही कानाच्या पाळ्या गरम होतात.

सुरुवात एका सीडीनं झाली. क्लासमधल्या एका सरांनी नागपूरहून आगगाडी चालवायचा गेम आणला होता. त्यांना त्याचा कंटाळा आला, त्यांनी मला दिला. गाडी चालवण्यात मलाही फार गोडी लागली नाही. पण त्यात एक वेगळा भाग होता, स्वतःचा रेल्वेमार्ग तयार करायचा. कोरी जमीन मिळायची. तिच्यावर डोंगर उचलायचे, नदी खोदायची, रूळ टाकायचे, सिग्नल उभे करायचे, आणि मग त्याच मार्गावरून गाडी न्यायची. हे कळलं त्या दिवशी मला सगळ्यात आधी आमची छोटी लाईन आठवली.

छोटी लाईन म्हणजे नॅरोगेज. गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड करत चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला येणारी. नव्वदच्या दशकात ती उखडली आणि तिच्या जागी मोठी लाईन आली. बाबा छोट्या लाईनवर सांधेवाले होते, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते सांधे बदलणारे. वडसा आणि नागभीडच्या मधल्या एका लहान स्टेशनवर माझं लहानपण गेलं. एका खोलीचं स्टेशन, दोन क्वार्टर, मागे सागाचं जंगल. समोरून दुसरी गाडी येणार असली की आपली गाडी तिथे अर्धा-अर्धा तास उभी राहायची. उन्हाळ्यात डबे नुसते तापायचे. आई मग बादली आणि तांब्या घेऊन डब्याडब्यापाशी जायची आणि खिडकीतून लोकांना पाणी द्यायची. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. स्टेशनवर नळ नव्हता, म्हणून ती जायची.

मी कॉलेजला गेलो तेव्हा बाबा रेल्वेत ‘ऑफिसात’ आहेत असं मित्रांना सांगायचो. ही माझी पहिली लाज, आणि पुढचं सगळं तिच्यातूनच आलं असं मला वाटतं.

इंटरनेटवर या गेमच्या शौकिनांचा एक फोरम होता. बहुतेक लोक इंग्लंडचे, बरेचसे निवृत्त. तिकडे साठच्या दशकात कितीतरी लहान रेल्वेमार्ग बंद करून टाकले होते. हे लोक जुने फोटो, नकाशे, वेळापत्रकं गोळा करून ते मार्ग गेममध्ये पुन्हा उभे करायचे. एखाद्या स्टेशनच्या कुंपणाला कुठला रंग होता यावर आठवडाभर चर्चा चालायची. मला ते फार आवडलं. मी माझ्या खऱ्या नावानं लिहिलं की मला मध्य भारतातल्या जंगलातली एक नॅरोगेज लाईन करायची आहे, मदत हवी आहे. एकानं सभ्यपणे विचारलं, फोटो आहेत का? इंजिनांची चित्रं? स्टेशनचे आराखडे? माझ्याकडे काहीच नव्हतं. आमच्याकडे कॅमेराच नव्हता. दुसऱ्यानं विचारलं, ही जागा खरंच आहे ना? आणि पुढे हसरा चेहरा टाकला. त्याच्या मनात काही वाईट नसणार. पुढे कुणी काही लिहिलं नाही.

आठवड्याभरानं मी दुसरं नाव घेतलं. इंग्रज नाव. लिहिलं की माझा जन्म उत्तर इंग्लंडमधल्या एका दरीतला, आमच्या गावावरून जाणारी लाईन मी लहान असताना बंद झाली, मग आम्ही ऑस्ट्रेलियाला गेलो. ऑस्ट्रेलिया अशासाठी, की ‘आज इथे फार ऊन आहे’ एवढं तरी खरं लिहिता यावं. चंद्रपूरला ते वाक्य बहुतेक रोज लागू पडायचं.

मी निवडलेली लाईन फोरमवर आधीच चर्चेत होती. बारा-तेरा मैलांची, सात स्टेशनं. तिचे फोटो भरपूर मिळाले. रोज सकाळी क्लासला जायच्या आधी तीन तास मी कामाला बसायचो. दगडी बांधांची कुंपणं, मेंढ्या, ओली हिरवी कुरणं, सगळं मी फोटो बघून केलं. अडलं ते सिग्नलच्या खोलीत. तिथले खटके, म्हणजे सिग्नल आणि सांधे हलवणारे दांडे, कसे ओढतात, कुठला आधी, कुठला नंतर, ते फोटोत दिसत नव्हतं. तेव्हा मी बाबांना विचारलं.

बाबा पलंगावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला.

“काऊन, तुले कायले पाह्यजे?”

“कॉम्प्युटरवर एक लाईन बनवून राह्यलो, बाबा.”

“आपली?”

मी म्हणालो, “हो.”

इतकं सोपं होतं ते. बाबा उठले, जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि पाठीमागे आराखडा काढायला बसले. कुठला सिग्नल, कुठली तार, कुठला सांधा. गाडी पुढच्या स्टेशनकडे सोडायची परवानगी म्हणून ड्रायव्हरला द्यायचा लोखंडी गोळा, त्याची चामडी पिशवी, वेताचं कडं. पळत्या गाडीतून ते कडं हातात कसं झेलायचं हे त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून करून दाखवलं. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. ही सगळी यंत्रं इंग्रजांनीच आणलेली, त्यामुळे थोडाफार फरक सोडला तर त्यांचं सगळं माझ्या इंग्लंडच्या लाईनला चाललं. मी ते फोरमवर माझ्या वडिलांच्या आठवणी म्हणून लिहिलं. माझे वडील सिग्नलच्या खोलीत काम करायचे, असं. लोक थक्क झाले. इतकं बारीक कुणालाच माहीत नव्हतं.

ते वाचून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला थेट मेल केला. ते तरुणपणी त्याच लाईनवर, ‘माझ्या’ गावाच्या पुढच्या स्टेशनवर सिग्नलमन होते. लाईन बंद झाली त्या दिवशी शेवटचा खटका त्यांनीच ओढला होता. ते सगळं मोठ्या, म्हणजे कॅपिटल अक्षरांत लिहायचे, कारण लहान अक्षरं कशी करायची हे मुलीनं सांगितलं तरी लक्षात राहत नाही, असं त्यांनीच कळवलं होतं. प्रत्येक मेलच्या शेवटी त्यांच्याकडचं हवामान असायचं. त्यांची बायको नव्हती. एक भाऊ होता, तो रविवारी यायचा. माझ्या वडिलांना त्यांनी बहुतेक ओळखलं असणार असं त्यांना वाटलं. ‘उंच होते का ते? टोपी मागे सरकवायची सवय होती?’

मी लिहिलं, होय.

दर आठ-दहा दिवसांनी त्यांचा मेल यायचा. त्यांनी फोटो पाठवले, स्वतःच्या हातानं काढलेले नकाशे मुलीकडून स्कॅन करून पाठवले. मी माझा मार्ग त्यांच्या सांगण्यावरून दुरुस्त करत गेलो. एकदा त्यांनी विचारलं, ‘तुमच्या स्टेशनबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त काय आठवतं?’

 त्या स्टेशनबद्दल मला काय आठवणार? मी त्या देशातही कधी गेलो नव्हतो. मग मी आईबद्दल लिहिलं, ती माझी आई असं न म्हणता. फक्त पाण्याच्या जागी चहा केला आणि बादलीच्या जागी किटली. क्रॉसिंगला गाडी थांबली की सांधेवाल्याची बायको किटली घेऊन यायची आणि खिडकीतून लोकांना चहा द्यायची, असं. लिहिताना मला रडू आलं, आणि त्या रडण्यामुळेच बहुधा मला ते खोटं वाटलं नाही.

त्यांचं उत्तर आलं, मला काही आठवत नाही बुवा. मी विषय सोडून दिला. पण महिन्याभरानं त्यांनी आपणहून लिहिलं, ‘आठवली. तुमची ती चहावाली बाई. निळी किटली होती तिची. एनॅमलची. दांड्याला कापड गुंडाळलेलं असायचं.’

मी निळा रंग लिहिला नव्हता. कापड लिहिलं नव्हतं.

तेव्हाच थांबायला हवं होतं. त्याच दिवशी लिहायला हवं होतं की साहेब, माफ करा, ही बाई तिथे कधीच नव्हती. मी मेल बंद केला आणि क्लासला गेलो. दिवसभर मुलांना शिकवताना ती निळी किटली डोक्यात होती. दुसऱ्या दिवशी मी उत्तर दिलं, ‘बरोबर, निळीच होती.’ भीती होती की नाही म्हटलं तर पुढचे प्रश्न येतील, एवढंच कारण.

त्यांच्या आग्रहावरून मी ती बाई मार्गातही टाकली. फलाटावर उभी, हातात निळी किटली. मार्ग पूर्ण झाला, फोरमवर ठेवला, लोकांनी भरभरून कौतुक केलं. त्या बाईबद्दल विशेष. ‘अशा गोष्टींमुळेच जागा खरी वाटते,’ असं एकानं लिहिलं.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी त्यांच्या मुलीचा मेल आला. मुलीचा म्हणजे पन्नाशीच्या बाईचा. लिहिलं होतं की वडिलांची स्मृती आता जात चालली आहे, डॉक्टरांनी तसं निदान केलं आहे. पण ती चहावाली बाई त्यांना अगदी स्पष्ट आठवते. काका, म्हणजे वडिलांचा भाऊ, म्हणतात अशी कुणी बाई तिथे नव्हतीच. ते त्याच स्टेशनवरून रोज शाळेला जायचे. यावरून दोघं भांडले, वडील नको ते बोलले, आणि आता काका रविवारी येत नाहीत. ‘तुम्ही त्या गावचे. आम्हाला माहीत असलेले दुसरे कुणी आता उरलेले नाही. ती बाई कोण होती, तिचं नाव काय, एवढं लिहाल का? मी ते काकांना दाखवीन.’

पाच आठवडे मी उत्तर दिलं नाही. तो मेल उघडायचा, वाचायचा, बंद करायचा. एकदा तर मी एक इंग्रजी नाव टाईपही केलं होतं. पुसलं.

त्याच दिवसांत एका रविवारी दुपारी बाबा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“झाली का नाई आपली लाईन? एवढं सांगतलं म्या तुले. दाखव तं.”

टाळायचं म्हणून मी लाईट जाईल म्हणालो. ते म्हणाले, आज रविवार आहे, दुपारी नाही जात. खुर्ची ओढून शेजारी बसले. मी गेम सुरू केला. सिग्नलची खोली आली तेव्हा ते खूश झाले. पडद्यावर बोट ठेवून खटके मोजले, एकाचा क्रम चुकला होता तो दाखवला. मग गाडी बाहेर निघाली, आणि हिरव्या टेकड्या, मेंढ्या, दगडी बांध सरकू लागले.  स्टेशन आलं. फलाटावर ती बाई.

“हे कोन?”

“चहा देणारी बाई आहे.”

त्यांनी चष्मा नीट केला आणि पडद्याजवळ वाकले. “तुही माय अशीच उभी राहे. एक पाय पुढं करून.” मग विचारलं, “हे गाव कोनतं?”

मी सांगितलं, इंग्लंडमधलं आहे.

“आपलं काऊन नाई केलं?”

“फोटो नव्हते, बाबा.”

“फोटो कायले पाह्यजे? मी हाओ ना.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. खोटं नाव, ऑस्ट्रेलिया, तो म्हातारा सिग्नलमन, त्याचा भाऊ. मुलीचा मेल वाक्यावाक्यानं मराठीत करून वाचून दाखवला. मला वाटलं होतं ते म्हणतील, लोकांना फसवलंस. ते फार हळू म्हणाले,

“तिले काऊन नेलं तिथी?”

मी माऊस बाजूला ठेवला.

“ते आपल्या लोकाईले पानी देत होती, बाबू. घामानं डबडबलेले लोकं राहत. म्हाताऱ्या बाया राहत. तिचे पाय भाजत होते खडीवर. आन् तू तिले तिथी उभी केली, मेमसाहेब करून. तुले आमची लाज वाटे का?”

“नाई बाबा,” मी म्हणालो. हेही खोटंच होतं, आणि त्यांना ते कळलं.

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवण मांडायचे, ताट सरकवायचे, आणि अंगणात जाऊन बसायचे. पाचव्या दिवशी सकाळी मी त्या मुलीला लिहिलं. माझं खरं नाव, खरं गाव, खरं वय. लिहिलं की ती बाई माझी आई होती, ती पाणी द्यायची, आणि ते स्टेशन तुमच्या देशात नाही. तुमचे काका बरोबर आहेत. तुमच्या वडिलांच्या डोक्यात ही गोष्ट मी घातली. माफी मागितली. ते इंग्रजी चांगलं व्हावं म्हणून मी तीनदा दुरुस्त केलं, आणि मग दुरुस्त करण्याचीही लाज वाटून पहिलाच मसुदा पाठवला.

तिचं उत्तर चार ओळींचं होतं. काकांना सांगितलं. ते वडिलांना भेटून गेले. वडिलांना मी काही सांगणार नाही, ती बाई आता त्यांना रोज आठवते आणि त्यांना बरं वाटतं. तुम्ही कृपा करून त्यांना पुन्हा लिहू नका.

रागाचं एक अक्षर नव्हतं. क्षमेचंही नव्हतं.

फोरमवर मी खरं काय ते लिहिलं आणि मार्ग काढून टाकायला सांगितला. काहीजण चिडले, काहींनी लिहिलं की मार्ग तर उत्तम आहे, ठेवा. फोरम चालवणाऱ्यांनी तो काढला, पण तोवर कितीतरी लोकांनी उतरवून घेतला होता.

म्हाताऱ्या गृहस्थांचे मेल मात्र येत राहिले. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. ‘बऱ्याच दिवसांत पत्र नाही. तब्येत बरी आहे ना? इथे गारठा आहे.’ मोठ्या अक्षरांत. पुढे पुढे शब्द तुटक झाले, मग एकच ओळ, ‘किटली निळी होती ना?’ मी मुलीला ‘नाही लिहिणार’ असं कळवलं होतं. मी प्रत्येक मेल वाचायचो आणि उत्तर द्यायचो नाही. कुठलं जास्त वाईट, आधी लिहिलेलं की नंतर न लिहिलेलं, हे मला आजही सांगता येत नाही. पुढच्या पावसाळ्यात मेल थांबले. मी चौकशी केली नाही, तो हक्क मला नव्हता.

बाबांचा अबोला हळूहळू गेला. एक दिवस त्यांनी स्वतःच कॅलेंडरचं नवं पान घेतलं आणि म्हणाले, “आता आपली बनव.” मी बनवायला लागलो. त्यासाठी हिवाळ्यात आम्ही चांदाफोर्ट स्टेशनवरून पॅसेंजरनं आमच्या जुन्या गावी गेलो. मोठ्या लाईनचं स्टेशन नवं, सिमेंटचं. जुनं पाडलेलं. क्वार्टर होते तिथे झुडपं आणि फुटक्या कौलांचा ढीग. बाबा त्या ढिगाभोवती दोनदा फिरले. मग थांबले.

“आपली खिडकी लाईनीकडं होती का रे, का जंगलाकडं?”

त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच तशी शंका पाहिली. मी काहीही म्हटलं असतं तरी त्यांनी मान्य केलं असतं, संध्याकाळपर्यंत त्यांना त्या खिडकीतून येणारं ऊनही आठवलं असतं. जिभेवर ‘लाईनीकडं’ आलंच होतं.

“मले नाई आठवत, बाबा,” मी म्हणालो. ते खरं होतं.

 “बरं,” ते म्हणाले, आणि धोतराला चिकटलेली कुसळं काढायला एका दगडावर बसले.

ती लाईन दोन स्टेशनांच्या पुढे गेली नाही. पुढच्या वर्षी बाबांची नजर अधू झाली आणि पडद्यावरचं त्यांना दिसेनासं झालं. जेवढी झाली तेवढी मी कुठेही टाकली नाही. तिच्यात आमच्या क्वार्टरला एकही खिडकी नाही. आणि फलाटावर कुणी उभं नाही. आईला पुन्हा एकदा तयार करायचं माझ्या हातून झालं नाही.